डोरोथीबाईंबरोबर झाईपर्यंत

डोरोथीबाईंना ताजमहाल बघायचा नव्हता. "इमारती मी फोटोत बघते," त्या म्हणाल्या, "मला कुणाच्या तरी घरी जायचंय. तुझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी नेशील का?"

डोरोथीबाई म्हणजे शिकागोत माझी मुलगी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते त्या घरमालकीणबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली, उंच बांधा, गडद काळा रंग आणि बारीक कापलेले पांढरेशुभ्र केस. माझ्या नातीच्या जन्माच्या वेळी मला वेळेवर व्हिसा मिळाला नाही, तेव्हा मुलीचं बाळंतपण या बाईंनी केलं. आयुष्यभर त्यांनी शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवला. मी नाशिकच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना तोच विषय शिकवला, तो देश एकदाही न बघता. त्यामुळे मुलीबरोबर त्या जानेवारीत नाशिकला आल्या, तेव्हा पहिले दोन दिवस आम्ही फक्त भांडलो. कुठलं प्रकरण आधी शिकवायचं यावरून.

त्यांच्या मागणीवर मला आठवली सविता. डहाणू तालुक्यातल्या रानशेतची मुलगी, वारली घरातली. नाशिकला वसतिगृहात राहून शिकली, माझ्या वर्गात बसली आणि आता तलासरीला मुलींच्या निवासी शाळेत शिकवते. फोन केला तर ती म्हणाली, "आणा ना मॅडम. पण एक अट आहे. त्यांनी आमच्या मुलींशी बोलायचं. अमेरिका म्हटलं की आमच्या मुली उंच बिल्डिंग आणि बर्फ सांगतात. तिथे माणसं राहतात हे त्यांना माहीतच नाही."

डहाणू

मुलगी नाशिकलाच थांबली, आम्ही दोघी निघालो. जव्हारच्या घाटातून खाली उतरलो आणि नाशिकची कोरडी थंडी मागे राहिली. हवा दमट झाली, ताडाची झाडं दिसायला लागली. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव असतात, इथे चिकूच्या वाड्या. समुद्रापासून थोडं आत, अशाच एका वाडीत आम्ही उतरलो.

वाडीच्या मालकीणबाईंनी ताटलीत चिकू चिरून आणले. डोरोथीबाईंनी एक फोड खाल्ली आणि विचारलं, "हे झाड इथलंच का?" मालकीणबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "इथलंच. डहाणूचा चिकू सगळीकडे जातो." मी वर्गातल्या सवयीने मध्ये बोलले, की मूळ झाड मेक्सिकोच्या बाजूचं, समुद्रावरून आलेलं. मिरची, बटाटा, पेरू, पपई, सगळी तिकडचीच. मालकीणबाईंना ते फारसं आवडलं नाही. डोरोथीबाई मात्र खुशीत आल्या. "आणि आमच्याकडे भेंडी आफ्रिकेतून आली. माझ्या पणजीची पणजी आली त्याच वाटेने. भेंडीची लागवड झाली, त्या बाईची विक्री झाली." हे त्या अगदी सहज बोलल्या, दुसरी फोड उचलता उचलता. मालकीणबाईंना हे मराठीत सांगायला माझी जीभ थोडी अडखळली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखालून पलीकडे लांबच लांब वाळू, ओहोटी लागलेली, माणसं फिरायला आलेली. मी चपला काढून पुढे निघाले. मागे वळून बघते तर डोरोथीबाई झाडांपाशीच थांबलेल्या.

मला वाटलं, गुडघे दुखत असतील. परत गेले. त्या म्हणाल्या, "तू जा. मी इथूनच बघते. आमच्या घरात कुणी पाण्यात जात नाही."

"म्हणजे?"

"माझी आजी म्हणायची, आपली माणसं एकदा जहाजाच्या तळात बसली तेवढं पुरे झालं. शिकागोला एवढं मोठं सरोवर आहे, समुद्रासारखं. मी त्याच्या काठावर वाढले. पण होडीत आयुष्यात बसले नाही. भीती वाटते म्हणून नाही." मग त्यांनीच दुरुस्ती केली. "भीतीच आहे. नुसती माझी एकटीची नाही, एवढंच."

मी वीस-बावीस वर्षं तरी ती जहाजं शिकवली असतील. किती माणसं, कुठल्या बंदरातून, कशासाठी. ती जहाजं एखाद्या म्हातारीला आजही वाळूच्या अलीकडे थांबवतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मीही मग चपला घातल्या आणि आम्ही सुरूखालीच बसलो.

रानशेत

दुसऱ्या दिवशी शनिवार, सविताची शाळा सकाळचीच. दुपारपर्यंत ती रानशेतला पोचली आणि रस्त्यावर आम्हाला घ्यायला उभी राहिली. तिचं घर पाड्याच्या टोकाला. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर कौलं, अंगण इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात हा प्रश्न पडावा. शेजारी पक्क्या विटांची एक नवी खोली, ती सविताच्या पगारातून उभी राहिलेली.

तिची आई फार बोलली नाही, पण आमच्यासाठी मडक्यात कोनफळं, वालपापडी आणि रताळी घालून उकडहंडी लावली होती. त्याबरोबर तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी. माझी भाकरी बाजरीची असते, हाताला खरखरीत. ही पांढरी, मऊ, घडी घालता येईल अशी. डोरोथीबाईंनी रताळं बघितलं आणि सविताच्या आईला खुणेने सांगितलं की आमच्याकडे पण असंच, राखेत भाजून. दोघींचं त्यावर बराच वेळ हातवाऱ्यांनी बोलणं चाललं. मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही.

जेवल्यावर सविताचे वडील रूपजीबाबा आम्हाला शेत दाखवायला घेऊन गेले. भात कधीच निघालं होतं. बांधावर तूर उभी होती. डोरोथीबाईंनी विचारलं, ही जमीन तुमची का. मी मराठीत विचारलं. बाबा म्हणाले, "आता आमची. माझ्या बापाची नव्हती. तो वेठीला होता."

वेठ म्हणजे बिनमजुरीचं काम, मालक बोलावेल तेव्हा जायचं, हे मी डोरोथीबाईंना सांगितलं. त्या बांधावर बसल्या. "अजून सांगायला सांग," म्हणाल्या.

रूपजीबाबा उभ्यानेच बोलले. "लावणी आधी मालकाची. ती झाली की आपली. तोवर शेतातलं पाणी उतरून जायचं, मग आपलं भात कुठलं व्हायला? बायाबापड्यांना पण जावं लागायचं. नाय गेलं तर मार. मी तेव्हा झालो नव्हतो, बापाकडून ऐकलंय. मग एका साली मालकाचं गवत कापायला कोणी गेलंच नाय. सगळे पाडे घरात बसले. मालकाचा माणूस दारात आला. माझा बाप बोलला, येत नाय."

"मारलं का त्यांना?" डोरोथीबाईंनी विचारलं.

"मारला तर. दुसऱ्या दिवशी पण नाय गेला."

मग त्यांनी डोरोथीबाईंकडे बघून मला विचारलं, "यांच्याकडे कसा झाला?"

तिथे बांधावर बसून डोरोथीबाईंनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण मिसिसिपीतली जमीन जुन्या मालकांचीच राहिली. कापूस पिकवायचा आजोबांनी आणि भाव ठरवायचा मालकाने. सोडून जातो म्हटलं तर धडगत नव्हती. तेव्हा आजोबांनी एक रविवार निवडला. घरातल्या सगळ्यांनी चर्चचे चांगले कपडे घातले. आजीने मुद्दाम धुणं धुऊन दोरीवर वाळत घातलं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला घरात माणसं आहेत असं वाटावं. सगळे चर्चच्या दिशेने चालत निघाले, चर्चच्या दारावरून पुढे गेले आणि तसेच स्टेशनवर जाऊन शिकागोच्या गाडीत बसले.

रूपजीबाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे दोरीवरचे कपडे गेले?"

मी भाषांतर केलं. डोरोथीबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "गेले. माझी आजी मरेपर्यंत त्या एका निळ्या झग्याबद्दल बोलायची."

"आणि तिकडे जमीन भेटली?"

"नाही. कत्तलखान्यात काम मिळालं. पण माझे वडील शाळेत गेले."

बाबांनी मान हलवली आणि घराकडे पाहिलं. अंगणात सविता आमची भांडी घासत होती. "हो," ते म्हणाले. "तसंच होतं ते."

तलासरी

रविवारी रानशेतलाच राहिलो. सोमवारी सविता पहाटेच शाळेत गेली आणि आम्ही दोघी मागून निघालो. चारोटीला जाऊन हायवेवरची बस पकडायची, तलासरीला उतरायचं, इतकं सोपं काम. बसमध्ये डोरोथीबाईंनी मला विचारलं की तुमच्याकडे यादवी युद्ध कसं शिकवतात. मी सांगायला लागले. सांगता सांगता तलासरी येऊन गेलं. दुकानांच्या पाट्या गुजराती झाल्यावर माझ्या लक्षात आलं. भिलाडला उतरलो. चहाच्या टपरीवरच्या माणसाला मी मराठीत विचारलं, त्याने गुजरातीत उत्तर दिलं, शेजारच्या बाईने दोन्ही भाषा मिसळून समजावलं आणि आम्हाला परत जाणाऱ्या इको गाडीत बसवलं. डोरोथीबाईंना हा प्रकार फार आवडला. "राज्य बदललं आणि कुणी आवाजसुद्धा चढवला नाही," त्या म्हणाल्या. मला शाळेची वेळ टळण्याची चिंता होती.

शाळेत मुली पटांगणात रांगेने बसून वाट बघत होत्या. आम्ही उशिरा आलो म्हणून सविताने परिपाठ तेव्हाच घेतला. मुलींनी उभं राहून एका सुरात म्हणायला सुरुवात केली, "आम्ही भारताचे लोक". डोरोथीबाईंनी मला कोपराने ढोसलं. काय म्हणतायत? मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं.

बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी तिथूनच सुरुवात केली. "आमचं संविधानही याच शब्दांनी सुरू होतं. आम्ही लोक. पण ते लिहिलं तेव्हा त्या 'आम्ही'त मी नव्हते. बायका नव्हत्या, काळी माणसं नव्हती आणि त्या मातीत आधीपासून राहणारी माणसंही नव्हती. आमचा सगळा इतिहास म्हणजे त्या एका शब्दात कोण बसतं याचं भांडण आहे. ते अजून संपलेलं नाही."

मग त्यांनी त्या आधीच्या माणसांबद्दल सांगितलं. एक नाही, शेकडो जमाती, प्रत्येकीची भाषा वेगळी. मग जहाजातून आलेले गोरे. त्यातले काही श्रीमंत, पण पुष्कळसे उपाशी, देवाधर्मावरून छळलेले. मग साखळदंडांत आणलेले आफ्रिकन. मग बटाट्याचं पीक गेलं म्हणून आलेले आयरिश, रेल्वे बांधायला आलेले चिनी, आपल्या पंजाबातून गेलेले शेतकरी. मी वाक्यावाक्याला मराठी करत होते. साखळदंडांपाशी आल्यावर चाबकाचं आणि बाजारात आईपासून मूल वेगळं काढण्याचं बोलणं निघालं. समोर पाचवीच्या मुली बसल्या होत्या. मी तेवढं गाळलं आणि पुढे गेले.

मागून सविताचा आवाज आला. "मॅडम, ते पण सांगा. यांना समजतं."

मी सांगितलं. नववीतली निर्मला नावाची एक मुलगी उभी राहिली. "मग ते जे आधीचे लोक होते, ते कुठे गेले?"

"कुठे गेले नाहीत," डोरोथीबाई म्हणाल्या. "त्यांना हाकललं, आजारांनी आणि लढायांनी त्यांच्यातले कितीतरी मेले. पण आहेत. माझ्या वर्गात त्यांच्या मुली शिकल्या. एकजण आता डॉक्टर आहे आणि आपल्या आजीची भाषा संध्याकाळच्या वर्गात शिकतेय."

निर्मला बसली नाही. "आणि तुम्ही परत का नाही गेलात? आफ्रिकेत?"

मला हा प्रश्न विचारावा की नाही कळेना, पण सविताचं लक्ष माझ्याकडे होतं. मी विचारला. डोरोथीबाई निर्मलाकडे वळल्या.

"कारण तिथलं आमचं गाव कोणतं हे आम्हाला माहीत नाही. आणि दुसरं म्हणजे, तो कापूस आम्ही पिकवला, ते रस्ते आम्ही बांधले, युद्धात आमचे लोक मेले. घर आम्ही बांधलं. मग घर सोडून आम्हीच का जायचं?"

पहिली टाळी कुणी वाजवली मला दिसलं नाही, पण नंतर मुली थांबेनात. डोरोथीबाई खाली बसल्या आणि पदर नसल्यामुळे त्यांनी ओढणीने तोंड झाकलं. ती ओढणी सविताच्या आईने दिलेली होती.

झाई

शाळेच्या दारात मासे विकायला येणाऱ्या हिराबाई त्या दिवशी टोपली बाजूला ठेवून मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पन्नाशीच्या, मांगेला समाजातल्या, झाईच्या. झाई म्हणजे किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव, खाडीपलीकडे गुजरात. निघताना त्या सविताला म्हणाल्या, "त्या मावशीला उद्या आमच्याकडे घेऊन ये. जहाजाचं ऐकून मला कसंतरीच झालं. आमची नाव बघू दे त्यांना. सगळीच जहाजं वाईट नसतात."

डोरोथीबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघायला काय जातंय."

सविताने सकाळची सुट्टी काढली. झाईला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. बांबूच्या मांडवांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले, वाळूत जवळा पसरलेला, आणि वास असा की माझ्यासारख्या नाशिककरणीने रुमाल काढावा. डोरोथीबाईंनी छाती भरून श्वास घेतला. "माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत शुक्रवारी असाच वास असायचा," त्या म्हणाल्या.

हिराबाईंचे यजमान रमणभाऊ खाडीत नाव लावून जाळं सोडवत बसले होते. चहा झाला. हिराबाईंनी नाव दाखवली, इंजिन दाखवलं, पुढच्या टोकाला वाहिलेली फुलं दाखवली. मग रमणभाऊ सहज म्हणाले, "बसा ना. खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणतो. पाणी शांत आहे आज."

मी भाषांतर केलं, आणि लगेच वाटलं, करायला नको होतं. डोरोथीबाईंचा चेहरा डहाणूच्या सुरूखाली होता तसा झाला. त्यांनी हिराबाईंना विचारलं, "तू रोज जातेस का?"

हिराबाई हसल्या. "मी? बाया कुठे जातात मासेमारीला? खाडीतल्या खाडीत बसलेय सणाला. बाहेर कधी नाय. हे आणतात, मी विकते. तीस वर्षं विकते."

"कधी वाटलं नाही जावंसं?"

हिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "वाटून काय करायचं?"

डोरोथीबाई मला म्हणाल्या, "त्यांना सांग, ती येत असेल तर मी बसते. आणि खाडीच्या तोंडापर्यंत नाही. बाहेर."

रमणभाऊंनी जाळं खाली ठेवलं. "पाहुण्या बाईंना न्यायला माझी ना नाय. पण हिला कशाला? लोक काय बोलतील?"

मग सविता म्हणाली, "भाऊ, त्या सातासमुद्रापलीकडून आल्यात. कधी पाण्यात पाय नाय टाकला त्यांनी. आज त्या बसतो म्हणतात, आणि तुम्ही लोकांचं सांगता."

रमणभाऊ डोकं खाजवत राहिले. शेवटी त्यांनी हात पुढे केला, तो आधी बायकोकडे. "चल. पदर खोच नीट."

हिराबाई चढल्या. मग डोरोथीबाई. नावेच्या काठावर एक पाय ठेवून त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता मागे फिरणार. रमणभाऊ हात तसाच धरून उभे राहिले, घाई केली नाही. मग दुसरा पाय आत आला. मी आणि सविता मागून.

खाडीचं तोंड ओलांडलं आणि नाव वर उचलली गेली, खाली आली, पुन्हा उचलली गेली. हिराबाईंनी डोरोथीबाईंचं मनगट घट्ट पकडलं. डोरोथीबाई मला म्हणाल्या, "किती चांगली आहे, मला धीर देतेय." मी हिराबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मी हे डोरोथीबाईंना सांगितलं. त्यांनी आपला दुसरा हात हिराबाईंच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने हिराबाईंनी एक डोळा उघडला.

"एवढंच असतं होय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

रमणभाऊंनी इंजिन बंद केलं. किनारा लांब गेला होता, बोंबलांचे मांडव काड्यांसारखे दिसत होते, पलीकडची गुजरातची झाडंही. पाणी नावेच्या कडेला लागून हळू वाजत होतं. हिराबाई उठून पुढच्या टोकाशी जाऊन बसल्या आणि तिथून आपलं गाव बघायला लागल्या. रमणभाऊ त्यांना बोट करून दाखवत होते, ते आपलं घर, ती शाळा. ती दोघं मग बराच वेळ आमच्याकडे वळली नाहीत.

डोरोथीबाईंनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, बोटांमधून गळू दिलं आणि ओला हात गालावर फिरवला. मग खिशातून फोन काढला. रेंज होती. त्यांची एक नात शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे आणि आजी एकाही शर्यतीला आलेली नाही, हे मला तिथे, त्या नावेत, पहिल्यांदा कळलं. शिकागोत आदल्या दिवसाची रात्र होती. पडद्यावर एक वेण्या घातलेली मुलगी आली, मागे स्वयंपाकघर.

"आजी, तू कुठे आहेस? सगळं हलतंय."

"पाण्यावर आहे," डोरोथीबाई म्हणाल्या.

मुलीने फोन अगदी डोळ्यांजवळ आणला. मग ती हळूच म्हणाली, "दाखव."

डोरोथीबाईंनी फोन उलटा केला आणि हात लांब करून समुद्रासमोर धरला. हात दुखेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.